आधी चासी, मग पाटे

जुनी जीप पुन्हा रस्त्यावर आणायची हौस असलेल्या माणसाचे पैसे बहुधा उलट्या क्रमाने खर्च होतात. आधी रुंद टायर येतात, मग गाडी उंच करायचं किट, मग चकचकीत शॉकॲब्सॉर्बर आणि रंग. चासीची आठवण होते ती पहिल्या पावसाळ्यानंतर, दार नीट लागेनासं झालं किंवा स्टेअरिंग एका बाजूला ओढायला लागलं की. हा घोळ आपल्याकडचाच आहे असं नाही. अमेरिकेत साठच्या दशकात मोठ्या इंजिनांच्या ज्या गाड्या निघाल्या, १९६४ची पाँटिॲक जीटीओ किंवा १९६७ची शेव्हरोले कॅमेरो, त्यांच्या हौशी मालकांनीही तो घातला आहे. पहिल्या कॅमेरोचा पुढचा सांगाडा वेगळा होता आणि रबरी बुश घालून मूळ बॉडीला बोल्टने जोडलेला होता. मागच्या प्रत्येक चाकाला एकच पाटा, म्हणजे लीफ स्प्रिंगची एकच पट्टी, होता. जोरात पाय दिला की तो पाटा पिळला जायचा आणि मागची चाकं रस्त्यावर थडथड उड्या मारायची. कंपनीने पुढच्याच वर्षी ताकदवान मॉडेलांना जास्त पाटे दिले, एक शॉकॲब्सॉर्बर धुरीच्या पुढे आणि दुसरा मागे लावला. तरीही जाणते कारागीर आजही त्या गाडीत पहिलं काम करतात ते पुढचा आणि मागचा सांगाडा लोखंडी दांड्यांनी जोडायचं. कारण ज्या सांगाड्यावर पाटे टांगलेत तोच वळवळत असेल, तर पाट्यांवर केलेला खर्च मोजताच येत नाही.

गोंदियात अशा गाड्या नाहीत. इथली जुनी, दणकट, लोकांच्या आठवणीतली गाडी म्हणजे जीप. महिंद्राने १९४७ साली विलिजची जीप भारतात जुळवायला घेतली. पुढे उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी आली, ८० इंच व्हीलबेसची, आणि ती दशकानुदशकं चालली. ऐंशीच्या दशकात प्यूजोचं डिझेल इंजिन घेतलेली एमएम-५४० आली, नंतर लांबुडकी कमांडर आली. पूर्व विदर्भात कमांडर काळी-पिवळी होऊन बाजाराच्या दिवशी माणसं, पोती आणि कोंबड्या एकाच फेरीत वाहत होती. आज यातल्या बऱ्याच गाड्या गोठ्याच्या बाजूला किंवा राइस मिलच्या मागे उभ्या आहेत. या सगळ्या गाड्यांची रचना मात्र एकच. दोन लांब लोखंडी नळ्या नव्हे, तर इंग्रजी ‘सी’च्या आकाराचे पन्हळी गर्डर, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, आणि चारही कोपऱ्यांवर पाटे. माझं म्हणणं एवढंच आहे की अशा गाडीत सुधारणा करताना चासी सरळ आणि एकसंध करणं हे पहिलं काम, पाटे आजच्या वजनाला जुळवून घेणं हे दुसरं, आणि कॉइल स्प्रिंग किंवा उंची वाढवणं हे बहुतेक मालकांसाठी कामच नाही.

चासीवर दोन प्रकारचा ताण येतो. एक वाकण्याचा, म्हणजे मध्ये वजन आणि दोन्ही टोकांना आधार. दुसरा पिळण्याचा. पांदण रस्त्यावरून जाताना एक पुढचं चाक बैलगाडीच्या चाकोरीत आणि कर्णातलं मागचं चाक धुऱ्यावर चढलं की चासी पिळली जाते. पन्हळी गर्डर वाकण्याला चांगला टिकतो. पिळण्यापुढे तो जवळजवळ शरण जातो. उदबत्तीच्या पुठ्ठ्याची नळी हातात घेऊन पिळून बघावी आणि मग तिला लांबीभर चीर देऊन पुन्हा पिळावी, फरक बोटांनाच कळतो. आकडेही तेच सांगतात. १०० मिमी उंच, ५० मिमी रुंद आणि ३ मिमी जाड पत्र्याचा पन्हळी गर्डर घेतला आणि त्याची उघडी बाजू त्याच जाडीच्या पट्टीने बंद करून चौकोनी नळी केली, तर त्या तुकड्याचा पिळण्याला होणारा विरोध सुमारे पावणेपाचशे पट वाढतो. हा आकडा ऐकून कुणाचीही इच्छा होईल की सगळीच चासी बंद करून टाकावी. इथे थांबायला हवं. हा हिशोब एका गर्डरचा आहे, अख्ख्या चासीचा नाही. तिचा ताठरपणा आडव्या तुकड्यांवर आणि त्यांच्या जोडांवर तेवढाच अवलंबून असतो. आणि ही चासी थोडी पिळली जाईल हे गृहीत धरूनच बनवणाऱ्याने ती बनवली आहे, त्या पिळण्यामुळेच उंचसखल जागी चारही चाकं जमिनीला टेकून राहतात. गर्डरचा मधला हात-दीड हात भाग बंद केला की तेवढा भाग वळायचं थांबतो आणि आधी सगळ्या लांबीवर वाटला जाणारा पीळ पट्टी संपते त्या रेषेवर गोळा होतो. वर्ष-दोन वर्षांनी तडा नेमका तिथेच दिसतो. मालक म्हणतो वेल्डिंग कच्चं होतं. वेल्डिंग पक्कं होतं, जागा चुकली होती.

म्हणून चासीची सुधारणा म्हणजे आधी तिची तपासणी. बॉडी उतरवलेली असेल तर उत्तम, नसेल तरी काम होतं. सपाट कोब्यावर गाडी उभी करून चासीवरच्या ठरावीक जागांवरून, समजा चारही पाट्यांच्या पुढच्या खुंट्यांपासून, ओळंबा सोडायचा आणि खाली खडूने खुणा करायच्या. मग गाडी बाजूला करून कर्ण मोजायचे. दोन कर्णांत एक-दीड सुताचा फरक जुन्या गाडीत चालून जातो. बोटभर फरक असेल तर ती गाडी कधीतरी धडकलेली आहे, आणि ती जॅक लावून सरळ केल्याखेरीज पुढचा एक रुपयाही खर्च करू नये. गंज शोधायला डोळे पुरत नाहीत. इथे वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत पडतो, बांध्यांतला चिखल गर्डरच्या पन्हळीत शिरतो आणि तिथेच बसून राहतो. त्यामुळे वरून रंग शाबूत आणि आतून पत्रा पापडासारखा, हे नेहमीचं. छोट्या हातोडीने ठोकत जावं. निरोगी लोखंड टणक वाजतं, सडलेलं भद्द आवाज देतं. मागचा आडवा तुकडा, पाट्याचं टोक टांगणाऱ्या शॅकलची जागा आणि स्टेअरिंग बॉक्स जिथे बोल्टने बसतो ती जागा, या तीन ठिकाणी जास्त वेळ द्यायचा. तडा सापडला तर त्याच्या टोकाला आधी छोटं भोक पाडतात, म्हणजे तो पुढे पळत नाही. मग घासून खाच करून भरतात आणि वरून पट्टी लावतात. पट्टीची टोकं निमुळती असावीत आणि गर्डरच्या वरच्या-खालच्या काठावरून आडवं वेल्डिंग कधीच जाऊ नये, कारण वाकण्याचा सर्वांत जास्त ताण त्या काठांवरच असतो. भोक पाडायचंच असेल तर ते गर्डरच्या उभ्या भागात, मध्यावर. ही माहिती नवी नाही, ट्रकच्या चासीवर काम करणाऱ्या मिस्त्रीला ती ठाऊक असते. जीपच्या हौसेत मात्र ती विसरली जाते, कारण जीपला आपण खेळणं समजतो.

आता पाटे. इथे मात्र जरा रेंगाळायला हवं, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी सुधारणा इथेच लपलेली आहे. जीप दणके देते ही तक्रार जुनीच आहे आणि तिचं खापर पाट्यांवर फुटतं. पण आज जी जीप हौसेसाठी उभी राहते, तिची आधीची नोकरी बघा. काळी-पिवळी असताना तिच्यात डझनभर माणसं आणि वर टपावर सामान असायचं. कमानवाल्याकडे, म्हणजे पाट्यांचं काम करणाऱ्याकडे, दर हंगामात एक जादा पाटा पडायचा. आता त्याच गाडीत दोन माणसं आणि एक पाण्याची बाटली आहे, पण पाटे तेवढेच आहेत. पाट्यांचा ताठरपणा त्यांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात; सहा मिलिमीटरऐवजी आठ मिलिमीटरचा पाटा घातला तर तो एकटा जवळजवळ २.४ पट ताठ होतो. लांबीचं याच्या उलट, लांब पाटा घनाच्या प्रमाणात मऊ होतो. आणि गाडी आरामात चालेल की नाही हे ठरतं ते उभ्या गाडीच्या वजनाने पाटा किती दबतो यावरून. दहा सेंटिमीटर दबला तर गाडी सेकंदाला दीड-एक वेळा वरखाली होते, माणसाला ते सोसतं. चारच सेंटिमीटर दबला तर अडीच वेळा, आणि मुरमाच्या रस्त्यावर तेच दणके म्हणून कंबरेत बसतात.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही, आणि गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात तर मुळीच नाही. राइस मिलच्या वजनकाट्यावर फक्त मागची चाकं चढवून त्यांच्यावरचं वजन घ्यायचं आणि त्यातून धुरी, चाकं यांचं अंदाजे वजन वजा करायचं. समजा उरले ५०० किलो. मग धानाचे ४० किलोचे पाच कट्टे बरोबर मागच्या धुरीच्या वर ठेवायचे, गाडी दोन-तीनदा हलवून पाटे मोकळे करायचे आणि चासी ते धुरी हे अंतर आधी आणि नंतर मोजायचं. २०० किलोने ते दोन सेंटिमीटर कमी झालं, तर दोन्ही पाट्यांचा मिळून ताठरपणा सेंटिमीटरला १०० किलो. म्हणजे ५०० किलोखाली त्यांचं दबणं पाच सेंटिमीटर आणि कंपन सेकंदाला सव्वादोनच्या घरात. पाटे कमी करून त्याच २०० किलोने ते अंतर साडेतीन सेंटिमीटर कमी झालं, तर कंपन पावणेदोनच्या खाली येतं. बसणाऱ्याला हा फरक पहिल्या गतिरोधकावर कळतो. पण मधला एखादा पाटा उपटून हे काम करू नये, त्याने पाट्यांची उतरंड बिघडते आणि उरलेल्यातला एखादा गठ्ठ्याच्या मधल्या सेंटर बोल्टपाशी मोडतो. कमानवाल्याकडून कमी, पातळ आणि जास्त लांबीपर्यंत पोचणारे पाटे नव्याने जुळवून घ्यायचे. बसलेल्या जुन्या पाट्याला गॅसने तापवून वाक देणारेही भेटतात. त्याने पोलादाचं पाणी उतरतं आणि ती कमान काही महिन्यांत पुन्हा बसते.

याच तर्काने जिप्सीचं कोडंही सुटतं. १९८५ साली आलेली मारुतीची जिप्सी पुढेमागे पाट्यांवरच चालते आणि रिकामी असताना हाडं खिळखिळी करते अशी तिची ख्याती आहे. पण नागझिरा अभयारण्याच्या फाटकावर तीच जिप्सी चालक, गाइड आणि सहा पर्यटक घेऊन शिरते तेव्हा एक टनाच्या गाडीवर तिच्या निम्म्याहून अधिक वजन चढलेलं असतं, आणि ताठ पाटे तिथे योग्यच आहेत. सफारीच्या गाडीची सेटिंग बघून घरच्या जीपला पाटे घालणं चूक, आणि घरच्या जीपसारखे मऊ पाटे सफारीच्या गाडीला घालणं तर धोक्याचं.

पाटे कमी केल्यावर शॉकॲब्सॉर्बरचा प्रश्न येतो, आधी नाही. अनेक पाट्यांच्या गठ्ठ्यात पाटे एकमेकांवर घासतात आणि ती घासण सुद्धा गाडीची उडी थांबवते. पण ती आंधळी असते. छोट्या खड्ड्याला ती पाटा हलूच देत नाही, त्यामुळे तो धक्का थेट चासीत जातो. गंज चढला तर सगळा गठ्ठा एकच जाड पट्टी झाल्यासारखा वागतो. तेलाचा शॉकॲब्सॉर्बर हालचालीच्या वेगाप्रमाणे विरोध करतो, हळू हालचालीला थोडा, जोराच्या हालचालीला जास्त. म्हणून पाटे स्वच्छ करून त्यांच्यात ग्रॅफाइट ग्रीस भरणं, बुश नवे घालणं आणि मऊ झालेल्या पाट्यांना शोभेल असा मध्यम ताकदीचा शॉकॲब्सॉर्बर लावणं, एवढं पुरतं. ताठ पाट्यांवर महागडा ताठ शॉकॲब्सॉर्बर चढवण्याने गाडी फक्त आणखी कडक होते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की हे सगळं जुनाट आहे. २०२० साली आलेल्या नव्या थारने पाटे सोडलेच, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे आडव्या धुरीवर कॉइल स्प्रिंग घेतल्या, आणि ती आधीच्या कुठल्याही जीपपेक्षा शांत चालते. मग तेच जुन्या जीपमध्ये का करू नये? थार शांत चालते हे खरंच आहे. पण कॉइल स्प्रिंग फक्त वजन उचलते. पाटा दोन कामं करतो, वजन उचलतो आणि धुरीला तिच्या जागी धरूनही ठेवतो. कॉइल लावली की धुरी पुढेमागे आणि आडवी सरकू नये म्हणून वेगळे दांडे लागतात, आणि ब्रेक मारताना धुरीचा सगळा झटका त्या दांड्यांच्या खुंट्यांतून चासीत जातो. थारची चासी त्या खुंट्यांच्या जागा धरूनच आखली आहे. जुन्या जीपच्या चासीत त्या जागी नुसता पातळ उघडा गर्डर आहे, ज्याच्यावर इतका एकवटलेला ताण येईल असं कुणी कल्पिलंही नव्हतं. म्हणजे कॉइलचं काम नीट करायचं तर आधी चासीच नवी बनवावी लागते. ज्याच्याकडे त्यासाठी आखणी करणारा माणूस, जिग आणि पैसा आहे त्याने खुशाल करावं, पण तो जुनी जीप दुरुस्त करत नाही, तिच्या बॉडीखाली नवी गाडी बनवतो.

दुसरा आक्षेप उंचीचा. हाजरा धबधब्याकडच्या दरेकसाच्या दगडात किंवा चिखलणीच्या दिवसांत गाडी उंच असलेली बरी, असं म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण किंमतही मोजावी. सीजे-थ्री-बीच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साधारण १२३ सेंटिमीटर आहे. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे असं धरलं तर ती आपल्या वजनाच्या सुमारे ९५ टक्के इतक्या आडव्या जोराला उलटेल. तोच मध्य आठ सेंटिमीटर वर नेला की हा आकडा ८४वर येतो. आधीच अरुंद असलेल्या गाडीला देवरी-कोहमाऱ्याच्या हमरस्त्यावर ट्रक ओलांडताना हा फरक लहान नाही. शिवाय ८० इंचांच्या व्हीलबेसमध्ये मागचा प्रोपेलर शाफ्ट इतका आखूड आहे की गाडी थोडी उचलली तरी त्याचा कोन बराच बिघडतो आणि त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर झिजतात. स्टेअरिंगचा ड्रॅग लिंक तिरपा होतो, मग खड्ड्यात चाक वर गेलं की स्टेअरिंग आपोआप फिरतं. जमिनीपासून थोडं अधिक अंतर हवं असेल तर किंचित मोठ्या व्यासाचे, अरुंद टायर हा उपाय जास्त सरळ आहे. भातखाचरातल्या चिखलात रुंद टायर वर तरंगतो आणि अरुंद टायर खालच्या टणक थरापर्यंत पोचतो.

याच्या विरुद्ध टोकाला मूळ रूपाचे आग्रही असतात. त्यांच्या मते एक पाटाही बदलू नये, आणि कायद्याचा काही भाग त्यांच्या बाजूने उभा आहे. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, आणि तशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे गावात साठच्या दशकातली पेट्रोल सीजे-थ्री-बी जशीच्या तशी उभी असेल तर हात लावण्याआधी दहा वेळा विचार करावा. पण बहुतेक जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन कधीच बसलेलं आहे, आणि त्यांच्यासाठी हा आग्रह पोकळ आहे. त्यांच्यावर लागू होतं ते मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आली. जीपची बॉडी उचलून बोलेरोच्या चासीवर ठेवणं या कलमात सरळ अडकतं, कारण गाडीची ओळख म्हणजे चासी क्रमांक आणि तो चासीबरोबरच जातो. जुनीच चासी जागच्या जागी दुरुस्त करणं आणि त्याच मापाचे पाटे नव्याने जुळवणं हा मार्ग म्हणूनच कारागिरीच्या दृष्टीने जितका सरळ, तितकाच कागदाच्याही.

काम संपवून गाडी बाहेर काढल्यावर एक गोष्ट राहते. नवे जुळवलेले पाटे पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये एकमेकांवर बसतात, गठ्ठ्याची जाडी केसभर कमी होते आणि पाटे धुरीला आवळून धरणारे यू-बोल्ट तेवढे ढिले पडतात. ढिल्या यू-बोल्टमुळे धुरीचा सगळा भार एकट्या सेंटर बोल्टवर येतो, तो तुटला की धुरी जागेवरून सरकते आणि गाडी रस्त्यावर तिरपी धावायला लागते. म्हणून अडीच-तीनशे किलोमीटरनंतर, गाडी चाकांवर उभी आणि पाट्यांवर वजन असतानाच, चारही कोपऱ्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे, आणि पावसाळ्याआधी आणखी एकदा.